लाल बटण सगळ्यांकडे आहे, टायमर कुणाकडे आहे?

विद्यार्थ्यांच्या सुरक्षित प्रवासासाठी अ‍ॅप बनवायला घेतलं की पहिला स्क्रीन जवळजवळ ठरलेलाच असतो: मधोमध मोठा लाल गोल आणि त्यावर ‘एसओएस’. बटण वाईट नाही. पण ते दाबायला फोन हातात लागतो, हात मोकळा लागतो आणि आपण संकटात आहोत हे दाबणाऱ्याला वेळेत कळावं लागतं. यातलं काहीच जुळलं नाही तर साधन काय करतं, या एकाच कसोटीवर इथे चार आयती साधनं पाहिली आहेत: व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन, गूगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंग, गूगलच्या पर्सनल सेफ्टी अ‍ॅपमधला सेफ्टी चेक आणि आयफोनमधलं चेक इन. चारही फुकट आहेत. स्वतःचं अ‍ॅप बांधणाऱ्यांनी आधी ती वापरून पाहावीत, म्हणजे काय पुन्हा बांधायची गरज नाही तेही कळेल.

नमुन्याचा प्रवास साधा धरू. रात्री साडेनऊला लायब्ररीतून निघायचं, बसने पाच थांबे जायचं आणि उतरल्यावर हॉस्टेलपर्यंत दहा मिनिटं चालायचं.

व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन २०१७ पासून आहे. मुदतीचे पर्याय तीनच: १५ मिनिटं, १ तास, ८ तास. या प्रवासाला १५ मिनिटं कमी पडतात, १ तास बरोबर बसतो आणि घाईत लोक ८ तास निवडून विसरून जातात. जमेची बाजू म्हणजे ते घरच्यांना वापरता येतं, नवं काही शिकवावं लागत नाही. शिवाय लोकेशन एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतं, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून ते कुणाला वाचता येत नाही. पण बॅटरी संपली किंवा रेंज गेली की नकाशावरचा ठिपका जिथल्या तिथे थांबतो आणि कुणालाही काही सांगत नाही. बघणारा डोळे लावून बसला असेल तरच त्याच्या लक्षात येणार, आणि रात्री दहाला डोळे लावून कोण बसतं? सोबत म्हणून ठीक, पहारा म्हणून नापास.

गूगल मॅप्समध्ये दोन वेगळ्या सोयी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. नेव्हिगेशन चालू असताना ‘प्रवास शेअर करा’ केलं तर समोरच्याला पोहोचण्याची अंदाजे वेळ दिसते आणि मुक्कामाला पोहोचताच शेअरिंग आपोआप थांबतं. दुसरी सोय सततच्या लोकेशन शेअरिंगची. तिच्यात समोरच्याला आपल्या फोनची बॅटरी किती उरली आहे तेही दिसतं. चारही साधनांमधला हा सर्वांत कमी गाजलेला, पण सर्वांत कामाचा तपशील. शेवटचा ठिपका ३ टक्क्यांवर थांबला असेल तर फोन मेला असणार, ६० टक्क्यांवर थांबला असेल तर उठून फोन फिरवायला हवा. धोका आहे तो ‘बंद करेपर्यंत’ या पर्यायात. मैत्री तुटते, खोली बदलते, शेअरिंग मात्र चालूच राहतं. नव्या अ‍ॅपमध्ये हा पर्याय ठेवूच नये.

आता टायमरवाली साधनं. पर्सनल सेफ्टीच्या सेफ्टी चेकमध्ये कारण आणि वेळ निवडायची, माणसं ठरवायची आणि निघायचं. वेळ संपली की फोन वाजतो, थरथरतो आणि ‘मी ठीक आहे’ म्हणायला ६० सेकंद देतो. उत्तर आलं नाही तर ठरवलेल्या माणसांना लोकेशनची लिंक जाते. वाटेत फोन बंद पडला किंवा रेंज गेली तरी ठरल्या वेळी शेअरिंग सुरू होतं. म्हणजे गप्प बसलेला फोन हाच इशारा ठरतो. रेल्वे इंजिनात चालकाचा हात दांड्यावरून सुटला की ब्रेक लागतो, त्याच जातीची ही कल्पना. खोट एवढीच की टायमरला बसचं काही कळत नाही. बस वीस मिनिटं उशिरा आली की फोन गर्दीत, बॅगेच्या तळाशी वाजणार आणि ६० सेकंद हां हां म्हणता निघून जाणार.

आयफोनचं चेक इन २०२३ च्या आयओएस १७ पासून मेसेजेसमध्ये आहे. टायमर लावता येतो किंवा ‘पोहोचल्यावर’ निवडून गाडी, सार्वजनिक वाहन की पायी ते सांगता येतं. वाटेत प्रगती थांबली तर फोन विचारतो आणि उत्तराला १५ मिनिटं देतो. मर्यादित माहिती निवडली तर समोरच्याला सध्याचं ठिकाण, बॅटरी आणि सिग्नल दिसतो, पूर्ण निवडली तर कापलेला रस्ता आणि फोन शेवटचा कुठे अनलॉक झाला तेही. चारांत सर्वांत नीट विचार याच्यात दिसतो. पण दोन्ही टोकांना आयफोन लागतो. पाच मित्रांच्या गटात एकाकडे अँड्रॉइड असला की खेळ संपला. १५ मिनिटांची सवडही बसमध्ये असताना ठीक, निर्मनुष्य रस्त्यावर फार.

याचा अर्थ नव्या अ‍ॅपला जागा आहे, पण लाल बटणात नाही. जागा आहे ती दोन्ही प्रकारचे फोन असलेल्या गटाला चालणाऱ्या आणि बसची वेळ समजणाऱ्या टायमरमध्ये.

तो टायमर सर्व्हरवर, म्हणजे फोनबाहेरच्या सतत चालू असलेल्या संगणकावर चालायला हवा, ही पहिली अट. निघताना फोनने एकदाच कळवायचं: ९:३० ला निघाले, १०:१० पर्यंत पोहोचते. पुढे फोन बंद पडो की पाण्यात पडो, सर्व्हरचं घड्याळ चालू राहतं. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये टायमर फोनमध्येच ठेवलेला असतो आणि डेमोत तो सुरेख चालतो, कारण डेमोत फोन मरत नाही.

सवड किती द्यायची? अंदाजे वेळेच्या एक तृतीयांश जास्त धरा: ३० मिनिटांच्या प्रवासाला ४०. वेळ संपली की आधी फक्त प्रवाशाचा फोन वाजवा, ३ मिनिटांनी पुन्हा, आणि त्यानंतरच मित्रांना कळवा. सवड काटकसरीने दिली तर खोटे इशारे जातात आणि तिसऱ्या वेळेपासून मित्र बघायचेच थांबतात. लांडगा आला रे आला.

‘मी ठीक आहे’ हे नुसतं बटण कधीच ठेवू नका, ते फोन हिसकावणाराही दाबू शकतो. चार अंकी पिन ठेवा आणि सोबत दुसरा, दबावाखाली टाकायचा पिन. तो टाकल्यावर स्क्रीन अगदी तसाच दिसला पाहिजे, आवाज नाही, थरथर नाही. फक्त इशारा लगेच निघून जातो.

बस आत्ता कुठे आहे आणि कधी येईल ही माहिती पुरवण्यासाठी जीटीएफएस-रिअलटाइम हा प्रचलित साचा आहे. माहिती दर ३० सेकंदांनी तरी ताजी व्हावी आणि गाडीचं ठिकाण ९० सेकंदांपेक्षा जुनं नसावं, अशी त्यातली शिफारस. प्रत्यक्षात हा माहितीचा ओघ (फीड) अडकतो आणि नकाशावर बस तरीही ‘येत’ राहते. चार मिनिटं जुन्या ठिपक्यावर विसंबून कुणीतरी रिकाम्या थांब्यावर उभं राहतं. म्हणून ९० सेकंद उलटली की ठिपका करडा करा आणि खाली ‘४ मिनिटांपूर्वीची माहिती’ असं स्पष्ट लिहा.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे आपोआप जाणारा ‘पोहोचले’ संदेश. तो जिओफेन्सवर, म्हणजे नकाशावर आखलेल्या अदृश्य वर्तुळात फोन शिरल्यावर जातो. अँड्रॉइडवर या वर्तुळाची त्रिज्या किमान १०० ते १५० मीटर ठेवा, असं मार्गदर्शन आहे. हॉस्टेलभोवती १०० मीटरचं वर्तुळ आखलं तर फाटकाबाहेरच्या अंधाऱ्या गल्लीत पाऊल पडताच घरी ‘सुखरूप पोहोचली’ असा संदेश जातो. नेमक्या ज्या शंभर मीटरसाठी अ‍ॅप हवं होतं, त्याच टप्प्यात पहारा उठतो. उलटही घडतं: अ‍ॅप पार्श्वभूमीत असेल तर वर्तुळात शिरल्याची बातमी लागायला सरासरी दोन-तीन मिनिटं लागतात. उपाय साधा आहे. जिओफेन्सने फक्त विचारावं, ‘पोहोचलात का?’ प्रवास संपायचा तो पिनने, किंवा फोन हॉस्टेलच्या वायफायला जोडला गेल्यावर.

लोकेशन किती वेळा घ्यायचं यावर उगाच वाद होतात. चालणारा माणूस ३० सेकंदांत साधारण ४० मीटर जातो, ताशी ३० किलोमीटरने जाणारी बस २५० मीटर. पायी असताना ३० सेकंद पुरतात, बसमध्ये मिनिटाला एकदाही चालतं. दर सेकंदाला जीपीएस घेणारं अ‍ॅप बॅटरी खातं, आणि बॅटरी संपलेला फोन कुणाच्याच कामाचा नाही.

परवानग्यांकडे मात्र बारकाईने बघा. अँड्रॉइड १० पासून ‘नेहमी’ची लोकेशन परवानगी वेगळी मागावी लागते, आणि अँड्रॉइड ११ पासून काही महिने न उघडलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या प्रणाली स्वतः काढून घेते. सुरक्षेचं अ‍ॅप तर स्वभावानेच न उघडलं जाणारं! सेमिस्टरच्या सुरुवातीला बसवलेलं अ‍ॅप परीक्षेच्या काळात आंधळं झालेलं असतं आणि कुणाला पत्ता नसतो. महिन्यातून एकदा अर्ध्या मिनिटाची रंगीत तालीम ठेवली की अ‍ॅप उघडलंही जातं आणि बिघाडही सापडतात. आयओएस १४ आणि अँड्रॉइड १२ पासून ‘अंदाजे लोकेशन’ हा पर्याय आहे. तो निवडला असेल तर ठिपका काही चौरस किलोमीटरमध्ये कुठेही असू शकतो, त्यामुळे प्रवास सुरू करतानाच तसं स्पष्ट सांगा. काही कंपन्यांचे बॅटरी सेव्हर रिसेंट्समधून (अलीकडे उघडलेल्या अ‍ॅपच्या यादीतून) सरकवलेलं अ‍ॅप पुरतं मारून टाकतात. म्हणून प्रवासभर कायम नोटिफिकेशन ठेवा आणि त्यावर काहीतरी उपयोगाचं लिहा: ‘१०:१० पर्यंत पहारा सुरू’.

इंटरनेट नसताना एसएमएसचा आधार लागतो, आणि इथे देवनागरी लिहिणाऱ्यांना एक खड्डा आहे. रोमन लिपीतल्या एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात. संदेशात देवनागरीचं एक जरी अक्षर आलं तर मर्यादा ७० वर येते, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘विद्यार्थिनी’ डोळ्यांना चार अक्षरांचा शब्द दिसतो, पण एसएमएसमध्ये १२ जागा खातो. त्यात नकाशाची लिंक चाळीसेक जागांची. लांबलचक मजकूर ठेवला तर संदेशाचे दोन-तीन तुकडे होतात, आणि कमकुवत रेंजमध्ये एखादा मागे राहतो. ‘मला मदत हवी आहे.’ एवढ्याला १६ जागा पुरतात. लिंकसह एकाच तुकड्यात बसतं. अक्षांश-रेखांश दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत पुरेत, तेवढ्यात साधारण एक मीटरची नेमकी जागा कळते. आणि एक भ्रम आधीच काढून टाका: आयफोनवर कोणतंही अ‍ॅप वापरणाऱ्याने ‘पाठवा’ दाबल्याशिवाय एसएमएस पाठवू शकत नाही. तिथे संदेश सर्व्हरवरूनच जायला हवा.

संदेश गेला म्हणजे काम झालं, हाही गोड गैरसमज. रात्री अकराला घेणाऱ्याचा फोन सायलेंटवर असतो. म्हणून दोन मिनिटांत संदेश पाहिल्याची पावती आली नाही तर सर्व्हरने आपोआप फोन लावावा, एकाने उचलला नाही तर पुढच्याला. घेणाऱ्याच्या आयफोनवर सर्व्हरच्या क्रमांकाला ‘इमर्जन्सी बायपास’ (फोन सायलेंट असतानाही वाजण्याची सूट) देता येतो, अँड्रॉइडवर क्रमांक तारांकित करून डू नॉट डिस्टर्बमधून वगळता येतो. दोन मिनिटांचं काम आहे, पण सहसा कोणतंही अ‍ॅप ते वापरणाऱ्याकडून करून घेत नाही.

टायमर थेट पोलिसांना जोडायचा मोह आवरा. २०२३ मध्ये अँड्रॉइडच्या पाच वेळा पॉवर बटण दाबायच्या सोयीमुळे खिशातूनच लागणारे कॉल इतके वाढले की ब्रिटनमधल्या पोलिसांना जाहीर सूचना द्यावी लागली. आधी मित्र, मग रात्रभर माणूस बसलेला असेल तरच विद्यापीठाचा सुरक्षा कक्ष, आणि तिथून पुढे आपत्कालीन क्रमांक.

‘सुरक्षित रस्ता’ दाखवणारे नकाशे अवघड प्रकरण आहे. २०१४ मध्ये स्केचफॅक्टर नावाच्या अमेरिकी अ‍ॅपने लोकांना वस्त्यांना ‘संशयास्पद’ ठरवू दिलं आणि वंशभेदाच्या आरोपात ते अडकलं. त्यापेक्षा सेफ्टीपिन या अ‍ॅपची रीत बरी: उजेड, मोकळी जागा, नजरेचा टप्पा, पदपथ अशा दिसणाऱ्या गोष्टी नोंदवायच्या. ‘दिवा बंद’ या नोंदीला मुदत हवी, नाहीतर दिवा लागूनही रस्ता वर्षभर अंधारातच राहतो.

प्रवास सुखरूप संपला की त्याचा माग २४ तासांत पुसा, आणि वॉर्डनला सगळ्यांचे ठिपके एका नकाशावर दाखवायची मागणी आली तर सरळ नाही म्हणा. हे हजेरीचं यंत्र आहे असा संशय आला की लोक फोन खोलीत ठेवून बाहेर पडतात.

चाचणी टेबलावर नको. वाटेत फोन बंद करा, बसमध्ये एअरप्लेन मोड लावा, घेणाऱ्याचा फोन सायलेंटवर ठेवा, बॅटरी सेव्हर चालू ठेवून अ‍ॅप रिसेंट्समधून काढा. आणि एकदा भर पावसात पिन टाकून पाहा. ओल्या स्क्रीनवर स्पर्श चुकतो, ओलं बोट फिंगरप्रिंट सेन्सरलाही ओळखू येत नाही. त्यामुळे पिनच्या कळा मोठ्या हव्यात, दोन कळांत मोकळी जागा हवी, आणि तीनदा पिन चुकला तर लगेच मित्रांना उठवू नका. आधी त्याच फोनवर एक कॉल करा.