रेझ्युमे करून देणारे झेरॉक्सवाले काका : साडेतीन स्टार

आधी माझा गाढवपणा सांगते. नोकरी बदलायची म्हणून एका ऑनलाइन साइटवर रेझ्युमे बनवला, दोन कॉलम, गोल फोटो, एक्सेलपुढे पाचपैकी चार ठिपके रंगवलेले, दिसायला एकदम कडक. तासभर सगळं भरून झाल्यावर डाउनलोड दाबलं तर पैसे मागितले, म्हटलं आता एवढं केलंय तर भरा. मग तो जॉब पोर्टलवर टाकला, तिथला फॉर्म रेझ्युमेवरून आपोआप भरतो ना, तर माझ्या कंपनीच्या जागी आलं टॅली प्राइम, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, आणि डिग्रीच्या जागी मराठी, हिंदी, इंग्रजी! भाऊ म्हणाला पीडीएफ उघड, सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट कर, मशीनला साधारण तेच दिसतं. केलं तर दोन्ही कॉलमची नुसती भेळ, आणि ठिपके तर गायबच. तसंही पाचपैकी चार एक्सेल म्हणजे नक्की किती येतं हो? व्हीलुकअप येतं, पिव्होट येतं असं सरळ लिहावं ना.

मग कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका झेरॉक्स-डीटीपीवाल्या काकांकडं गेले. पहिल्या पानाचे 80 रुपये, नंतरच्या दुरुस्तीला 10. त्यांच्याकडं एकच फॉरमॅट. वर नाव, मोबाइल, ईमेल, मग अनुभव, मग शिक्षण, एकच कॉलम, काळा रंग, संपला विषय. मी फक्त आत्ताची नोकरी वर आणि जुनी खाली करून घेतली, ते उलटं टाइप करत होते. मध्ये एक वर्ष मी घरी होते ते कुठं लपवायचं म्हटलं तर म्हणाले लपवू नको, सरळ वर्ष घाल, विचारलं तर सांग.

सगळ्यात भारी काय झालं तर, मी कामाच्या खाली 'अकाउंट्सची सर्व कामे' एवढंच लिहून नेलेलं. काकांनी टाइप करायचं थांबून विचारलं, "सकाळी हापिसात गेलीस की पहिलं काय करतीस?" मी म्हटलं परचेसची बिलं टाकते, रोज साठ-सत्तर असतात, 11 तारखेच्या आत जीएसटीआर-1 चा, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नचा डेटा सीएंना, 20 च्या आत 3बीचा, म्हणजे कर भरायच्या रिटर्नचा, शिवाय बँकेचं स्टेटमेंट हिशोबाशी जुळवायचं. "मग हेच लिहायचं की गं!" आणि तेच टाइप केलं. त्या साइटनं हे एकदाही विचारलं नव्हतं.

आता दीड स्टार का कापला. एक, वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, लग्न झालंय का, हे सगळं काका घालणारच, नको म्हटलं तर "आगं असू दे की, सगळेच घालत्यात". लग्नाचा बायोडेटा आहे का हा? शेवटचं 'वरील माहिती खरी आहे' वालं डिक्लेरेशन पण मी भांडून काढलं. दोन, आधीच्या पोराच्या फाइलवरच टाइप करतात, त्यामुळं माझ्या छंदात व्हॉलीबॉल आणि ठिकाण सांगली राहिलेलं, घरी आल्यावर दिसलं, परत 10 रुपये. म्हणजे माझी फाइल पण पुढच्याला मिळणार, म्हणून मोबाइल नंबर काढून सेव्ह करायला लावलं. तीन, पेनड्राइव्ह अजिबात लावू नका, व्हायरस येऊन माझ्या सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झाले. वर्ड आणि पीडीएफ दोन्ही मेलवर मागवून घ्या, आणि फाइलला आपलं नाव द्या, माझी 'न्यू डॉक्युमेंट 47' होती.

मराठीत काही पाहिजे असेल तर युनिकोडमध्ये करा म्हणून आधीच सांगा, ते जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात आणि दुसरीकडं पेस्ट केलं की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी होते.

पोर्टलवर तोच रेझ्युमे परत टाकला, सगळे रकाने बरोब्बर भरले गेले. दुकान दुपारी दोन ते चार बंद असतं, आणि बारावीच्या निकालाच्या आठवड्यात जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते.