डावी सीट की सर्व्हिस पार्क?

ठाणे-नवी मुंबईत मोटार रॅलीचं वेड असलेली माणसं भरपूर आहेत. पण स्टिअरिंगमागे बसायचं तर गाडी, पैसा आणि घरच्यांची परवानगी हे तिन्ही एकाच वेळी लागतं, आणि ते फार थोड्यांना जमतं. बाकीच्यांसाठी दोन वाटा उरतात: को-ड्रायव्हर होऊन डाव्या सीटवर बसायचं आणि ड्रायव्हरला रस्ता सांगायचा, नाहीतर रॅलीत गाडी दुरुस्त करणाऱ्या सर्व्हिस क्रूमध्ये शिरायचं. मी आधी सर्व्हिस केली, मग सीट घेतली. यातली कुठली वाट बरी असं कुणी विचारलं तर ‘ज्याच्या-त्याच्या स्वभावावर आहे’ असं सांगून मोकळा होतो. तेही खोटं नाही म्हणा.

सर्व्हिसची खरी रॅली आदल्या रात्री वागळे इस्टेटमधल्या गॅरेजात सुरू होते. जॅक, घोड्या, टायर, जनरेटर, हॅलोजन, ताडपत्री, जादाचे शॉकअप आणि लोअर आर्म, सगळं टेम्पोत चढवायचं आणि माजिवड्याला ट्रॅफिक तुंबायच्या आत कसारा घाटाची वाट धरायची. नाशिकला पोचून ताडपत्री अंथरली की गाडीची वाट बघायची. गाडी आली की मात्र श्वास घ्यायला फुरसत नाही. जागतिक रॅलीत सकाळची सर्व्हिस १५ मिनिटांची आणि रात्रीची ४५ मिनिटांची असते, आणि तेवढ्यात गिअरबॉक्स उतरवून दुसरा चढवणारे लोक आहेत. आपल्याकडे काम तेच, फक्त डोक्यावर छप्पर कमी. चेंबरखालचा गार्ड सोडला की ओला चिखल आणि खडी थेट बाहीत शिरते. डिस्क इतकी तापलेली असते की हातमोज्यातूनही चटका बसतो. एका चाकाला एक माणूस, प्रत्येक नट पुन्हा आवळायचा, आणि ‘झालं’ हे मोठ्याने ओरडायचं. मनातल्या मनात म्हटलेलं ‘झालं’ तिथे धरत नाहीत. गाडी आतून-बाहेरून शिकायची असेल तर यापेक्षा चांगली शाळा मी पाहिलेली नाही. खर्च कमी आणि माणसं जिवाभावाची मिळतात.

तरीही मी ती सोडली, आणि त्याचं कारण चिखल नव्हता.

समजा गाडी दोन चाळीसला यायची आहे. दोन पन्नास होतात, तीन वाजतात. स्टेज, म्हणजे घड्याळ लावून गाड्या पळवायचा रॅलीचा टप्पा, कुठेतरी डोंगरापलीकडे, तिथे मोबाइलला रेंज नाही. तेवढ्यात कुणी बाइकवाला सांगत येतो, ‘एक पांढरी गाडी खाली गेलीय.’ रॅलीत निम्म्या गाड्या पांढऱ्या! मग ठाण्याहून फोन येतो, ‘भावजी, आली का हो गाडी?’ वहिनींना काय सांगणार? धावत जाऊन बघावं तर तेही नाही, कारण सर्व्हिस पार्कच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी ठरवलेल्या जागेच्या, बाहेर गाडी दुरुस्त करायची मुभा फक्त आत बसलेल्या दोघांना असते. हातात पाना घेऊन नुसतं उभं राहायचं. बऱ्याच जणांना याचं काही वाटत नाही. ते चहा मागवतात, टेम्पोत आडवे होतात. मला ते कधीच जमलं नाही.

१९९८ची ब्रिटनमधली रॅली अनेकांना आठवत असेल. शेवटच्या स्टेजच्या शेवटाला जेमतेम ५०० मीटर उरले असताना कार्लोस साइन्झची टोयोटा बंद पडली आणि विश्वविजेतेपद गेलं. को-ड्रायव्हर लुईस मोयाने हेल्मेट गाडीच्या मागच्या काचेवर फेकून मारलं. वाईटच झालं, पण गाडी का थांबली हे त्याला त्याच क्षणी माहीत होतं. मला विचाराल तर हे सुख फक्त डाव्या सीटवर आहे.

अर्थात ती सीट फुकट मिळत नाही. चालत्या गाडीत मान खाली घालून वाचायचं असतं. घोडबंदर रोडवर टीएमटी बसच्या मागच्या सीटवर बसून पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचून बघा. गायमुखपर्यंत पोट शांत राहिलं तर पुढचा विचार करा. पेस नोट्स, म्हणजे पुढच्या वळणांची आकड्यांत लिहिलेली टिपणं, नुसती वाचायची नसतात. बहुतेक पद्धतींत आकडा लहान तितकं वळण तीव्र, हे दोन दिवसांत पाठ होतं. कस लागतो तो वेळ साधण्यात. ड्रायव्हर या वळणात असताना तुमच्या तोंडी पुढचं वळण हवं. लवकर सांगितलं तर तो विसरतो, उशीर झाला तर सांगून उपयोग नाही. रेकीत, म्हणजे रॅलीआधी रस्ता बघून घेताना, पहिल्या फेरीला नोट्स लिहायच्या, दुसऱ्या फेरीला तपासायच्या, आणि त्याही पेन्सिलने, कारण शाई पावसात पसरते. उसळत्या गाडीत ओळ हरवू नये म्हणून अंगठा कागदावरून हलवायचा नाही.

त्याखेरीज कारकुनीही तुमचीच. वेळा नोंदवायचं टाइम कार्ड तुमच्याकडे. जागतिक नियमांत टाइम कंट्रोलला, म्हणजे वेळ नोंदवायच्या नाक्यावर, उशीर झाला तर मिनिटामागे १० सेकंद दंड, पण लवकर गेलात तर मिनिटामागे अख्खं मिनिट! सर्व्हिसमध्ये ‘आठ मिनिटं राहिली’ असं ओरडणाराही तुम्हीच. गाडी स्टेजमध्ये अडकली तर मागे त्रिकोण ठेवायचा आणि येणाऱ्यांना ‘ओके’ किंवा ‘एसओएस’चा फलक दाखवायचा. ही सगळी व्यवस्थापकाचीच कामं. १९८१ साली जगज्जेत्या आरी वातानेनच्या शेजारी डेव्हिड रिचर्ड्स होते आणि दुसऱ्या आलेल्या गी फ्रेकलांच्या शेजारी ज्याँ तॉद. रिचर्ड्स यांनी पुढे प्रोड्राइव्ह ही रेसिंग कंपनी काढली, तॉद एफआयए या मोटार स्पर्धांच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष झाले. आपल्याकडेही कासरगोडच्या मूसा शरीफ यांनी डाव्या सीटवरच नाव कमावलं.

पैशांचं म्हणाल तर लायसन्स, वैद्यकीय तपासणी, हेल्मेट, सूट हे बहुधा स्वतःच्या खिशातून जातं, शिवाय रेकीसाठी रजा टाकावी लागते. सर्व्हिसला शुक्रवारी संध्याकाळी निघूनही चालून जातं. घरी लहान मूल असेल, ऑफिस कडक असेल, तर सर्व्हिसच बरी, असं मीही सांगेन.

डाव्या सीटकडे मन झुकत असेल तर आधी टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) रॅली करून बघा. गाडी घरचीच चालते, सर्व्हिसची फारशी गरज नसते, आणि दिलेला सरासरी वेग सांभाळायचं सगळं गणित शेजारी बसलेल्या नॅव्हिगेटरचं. ताशी ३६ म्हणजे किलोमीटरला १०० सेकंद, ताशी ४५ म्हणजे ८०. बेलापूर ते उरण असं जाता-येता, जेएनपीटी बंदराच्या ट्रेलरांच्या मध्ये अडकूनही हे तोंडी जमलं तर सीट तुमची. मग स्टेज रॅलीसाठी ड्रायव्हर शोधा. तो किती वेगाने चालवतो हे कुणीही सांगेल. चुकल्यावर कुणावर ओरडतो, ते त्याच्या मेकॅनिकला विचारा.