लसणाच्या कॅप्सूल: डबीवर ‘स्मरणशक्ती’, आत काय?

मेडिकलमध्ये ‘गार्लिक’ म्हणून मिळणाऱ्या सगळ्या डब्या सारख्या नसतात. पिवळी, पारदर्शक, मऊ गोळी म्हणजे तेलात उतरवलेला लसूण. तिच्यात ॲलिसिन, म्हणजे लसूण ठेचल्यावर तयार होणारं उग्र वासाचं द्रव्य, जवळपास नसतंच. पावडरच्या गोळीत ॲलिसिन तयार करणारं ॲलिइनेज हे एंझाइम शाबूत असू शकतं, पण पोटातल्या आम्लात ते निकामी होतं. म्हणून ‘एंटेरिक कोटेड’ (पोटातल्या आम्लात न विरघळणाऱ्या आवरणाची) लिहिलेलीच घ्या आणि न चावता गिळा.

मेंदूच्या दृष्टीने खरी दखल घ्यावी ती मुरवलेल्या अर्काची. लसणाचे काप पाणी-अल्कोहोलमध्ये 20 महिन्यांपर्यंत मुरवतात. उग्रपणा जातो आणि एस-ॲलिल सिस्टीन हे लसणातलं गंधकयुक्त द्रव्य वाढतं. लेबलवर त्याचं प्रमाण मिलिग्रॅममध्ये दिलेलं हवं. नुसतं ‘लसूण अर्क 500 मिग्रॅ’ वाचून काहीच कळत नाही. अल्झायमरसारखा आजार असलेल्या उंदरांवर याचे निष्कर्ष आशादायक आहेत. माणसांचा विसराळूपणा थांबतो, हे मात्र सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे ‘स्मरणशक्ती वाढवते’ या एका ओळीसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

त्यापेक्षा स्वयंपाकघरातला लसूण बरा, फक्त घाई नको. पाकळ्या खलबत्त्यात ठेचा, वास नाकात झोंबू लागेल. 10 मिनिटं तशाच ठेवा, मगच फोडणीत घाला. अख्खी पाकळी थेट कढत तेलात पडली की एंझाइम मरतं, ॲलिसिन तयारच होत नाही.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.