अकराशेचा वायरलेस कॉलर माइक, अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, मी काही टेक्निकल माणूस नाही. बत्तीस वर्षं रोपवाटिकेत आंब्याची कलमं बांधली, आता रिटायर होऊन देवगड तालुक्यात घरी असतो, आणि भाच्याने नादाला लावलं म्हणून यूट्यूबवर कलमांचे व्हिडिओ टाकतो. पहिला व्हिडिओ २३ मिनिटांचा केला, मग कळलं की १५ मिनिटांच्या वरचा टाकायचा तर आधी फोन नंबर व्हेरिफाय करावा लागतो. ते केलं, व्हिडिओ चढला, आणि खाली पहिलीच कमेंट, "काकानू, तुमचा काय एक ऐकाक येना नाय, नुसतो वारो." खरंच होतं ते, घर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, पावसाळ्यातला वारा, फोन स्टँडवर चार हात लांब आणि मी मान खाली घालून बोलतोय.

म्हणून हा माइक. बाजारातल्या मोबाइलच्या दुकानातून ११०० ला घेतला, ऑनलाइन दोनशे कमी होते पण दुकानदाराने माझ्याच फोनला लावून, बोलून, ऐकवून दिला, तिथेच ते दोनशे वसूल. डबीत दोन माइक, फोनच्या चार्जिंगच्या जागी लावायचा एक रिसीव्हर आणि दोन केसाळ टोप्या. टोप्या शोभेच्या समजून मी बाजूला टाकल्या होत्या, तसं करू नका, आपल्याकडच्या वाऱ्याला खरं त्याच थोपवतात. नॉइज रिडक्शनचं एक बटण पण आहे, दाबलं की हिरवा दिवा लागतो, वारा जातो, पण माणूस रांजणात बसून बोलल्यासारखा वाटतो. मी बंदच ठेवतो.

आता वैताग. रिसीव्हर लावलेला असताना फोनच्या स्पीकरमधून काहीच वाजत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे आवाज आलाच नाही असं समजून मी तेच कलम तीनदा बांधून दाखवलं आणि रिसीव्हर काढल्यावर तिन्ही व्हिडिओ खणखणीत. फोनचं कव्हर काढल्याशिवाय तो नीट बसत नाही. तो लावला की फोन चार्ज करता येत नाही, आणि पावसात आमच्याकडे लाइटचा भरवसा किती ते तुम्हाला माहीतच आहे. डबीवर सहा तास लिहिलंय, चालतो चारेक तास.

पण एका गोष्टीसाठी मी याला सगळं माफ केलं. मी सुरुवातीला वहीत भाषण लिहून वाचायचो, नमस्कार शेतकरी बंधूंनो वगैरे, शाळेच्या गॅदरिंगसारखं. एकदा कोय कलमाचं, म्हणजे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर (त्याला खुंट म्हणतात) चांगल्या झाडाची काडी बांधायची त्याचं, भाषण संपलं आणि माइक शर्टाला तसाच राहिला, मी पुढची कलमं बांधत बसलो. माझी सवय अशी की हात चालले की तोंड पुटपुटतं. ही नको, ही झोपलीय, हां ही चालेल, हा खुंट हिरवा झाला, गेला कामातून. भाच्याने भाषण कापलं आणि हे पुटपुटणं ठेवलं, मला न विचारता. मी चिडलो, पण प्रश्न आले ते सगळे त्याच्यावर. काका ती काडी का टाकलीत, झोपलेली म्हणजे काय?

मग लक्षात आलं की हे मी कधी कोणाला तोंडाने सांगितलंच नव्हतं, शिकणारी पोरं शेजारी बसून बघून शिकायची. काडी तीन-चार महिन्यांची, खुंटाच्या जाडीची, डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, फुगलेला पण फुटलेला नाही, हे दापोलीच्या विद्यापीठात पण सांगतात. पण फुगलेला म्हणजे किती, ते मी बोटाने दाबून बघतो, टणक लागला तर जागी, मऊ लागला तर झोपलेली. खुंटाचं तसंच, कोयीतून येऊन पंधरा-वीस दिवस झालेत, पानं अजून तांबूस आहेत तोवरच बांधायचं, हिरवी झाली की काडी कितीही चांगली असो, यश कमीच. आता मी हे बांधता बांधता बोलतो, दोन्ही हात मोकळे, पाचर कापताना चाकूचा कर्रर्र आवाज पण येतो आणि तो आवाज ऐकून एकाने विचारलं की चाकूला धार कशी लावता. पुढचा व्हिडिओ त्याच्यावरच. रत्ना जातीच्या आंब्याबद्दल पण विचारतात, हापूससारखा साका धरतो का, म्हणजे आतून गर खराब निघतो का म्हणून. नाही धरत, नीलम आणि हापूसचा संकर आहे, १९८१ ला वेंगुर्ल्याहून आलेला, लावायला हरकत नाही, पण चव हापूसची ती हापूसचीच, हे मात्र माझं मत.

दुसरा माइक बायकोने घेतलाय, ती कोकमाच्या आगळाचं काहीतरी करणार म्हणते.

पाचपैकी चार स्टार. घ्या, पण काम झालं की माइकचं बटण आठवणीने बंद करा. शेजाऱ्याच्या बागेतली कलमं बघून मी जे काय बोललो ते दोन दिवस यूट्यूबवर होतं, आणि शेजारी माझा सबस्क्रायबर आहे.