एसी गार करेना: गॅस भरून घ्यायचा, गळती काढायची, की एसीच बदलायचा?

मार्च संपत आला की बेळगावात एसीचे मेकॅनिक मिळेनासे होतात. आलाच एखादा, तर गेज (गॅसचा दाब दाखवणारं मीटर) लावून दोन मिनिटांत निकाल देतो, "गॅस कमी आहे, भरून देतो." निपाणी, चिकोडी, अथणीकडेही हेच वाक्य ऐकू येतं. पैसे काढण्याआधी एवढं ध्यानात घ्या, की एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो आणि दर उन्हाळ्यात भरायची गरज नसते. कमी झाला असेल तर तो कुठून तरी गेला आहे. आणि पुष्कळदा तो कमी झालेलाच नसतो, दोष भलतीकडेच असतो.

गळका एसी आणि मळलेला एसी

या दोघांची गल्लत सर्वांत जास्त होते, कारण दोन्हींत खोली गार होत नाही आणि दोन्हींत बर्फ धरू शकतो. पहिला फरक वाऱ्याचा. फिल्टर किंवा आतली कॉइल (हवा गार करणारी नळ्यांची जाळी) धुळीने भरली असेल, तर वारा मंद येतो, पण येतो तो थंड. गॅस कमी असेल, तर वारा जोरात येतो आणि गारवा नसतो.

दुसरा फरक बर्फ कुठे धरतो याचा. आउटडोअर युनिटला दोन तांब्याच्या नळ्या जोडलेल्या असतात, एक जाड, एक बारीक. चांगल्या स्प्लिट एसीत जाड नळी गार लागते आणि तिला घाम येतो. गॅस गळत असेल तर बारीक नळीच्या जोडापाशी पांढरा बर्फ दिसतो, जाड नळी मात्र कोमट आणि कोरडी. आत कॉइलच्याही एकाच भागावर बर्फ, बाकीची कोरडी. फिल्टर तुंबला असेल तर सगळी कॉइल गोठते आणि जाड नळीवरही बर्फ चढतो.

इथे एक फसगत होते. बर्फ ही गळतीची मधली पायरी आहे. गॅस फारच कमी उरला की बर्फही धरत नाही, नुसता पंख्यासारखा वारा येतो. त्यामुळे "बर्फ नाही म्हणजे गळती नाही" असा अर्थ काढू नका.

तापमान मोजून पाहायचं असेल तर सेटिंग सर्वांत खाली ठेवा, पंखा जोरात करा आणि पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक हवा. जुलैत, विशेषतः खानापूरच्या बाजूला, हवा इतकी दमट असते की एसीची बरीच ताकद पाणी काढण्यातच जाते. तेव्हा फरक थोडा कमी आला तर लगेच घाबरू नये.

बाहेरच्या युनिटकडेही बघा. अथणी, रायबाग भागात उसाचं पाचट पेटवल्यावर काजळी उडते, ती आणि रस्त्याची धूळ मागच्या जाळीत बसते. तिथून उष्णता बाहेर पडली नाही की गॅस पुरेसा असूनही गारवा येत नाही. नुसत्या पाण्याने जाळी धुवून भागतं.

बाकीचे दोष पटकन ओळखता येतात. बाहेरचा पंखा फिरतो पण कॉम्प्रेसर नुसता घुमतो आणि बंद पडतो, तर कॅपॅसिटर पाहायला सांगा. संध्याकाळीच त्रास होत असेल तर व्होल्टेज मोजा आणि कमी आलं तर हेस्कॉमकडे, म्हणजे वीज कंपनीकडे, तक्रार द्या. इनडोअरमधून भिंतीवर पाणी ओघळत असेल तर बहुधा ड्रेनचा पाइप तुंबलेला असतो. मात्र गळतीमुळे धरलेला बर्फ वितळूनही पाणी पडू शकतं, म्हणून नळ्या एकदा पाहूनच घ्या.

गळतीची सर्वांत बोलकी खूण म्हणजे जोडावरचा तेलकट डाग. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं थोडं तेलही फिरतं, ते भोकातून बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते. आउटडोअरच्या नटांवर काळपट ओलसर वर्तुळ दिसलं तर त्याचा फोटो काढून ठेवा. वासावर विसंबू नका, या गॅसना ओळखू येईल असा वास नसतो.

नुसता गॅस, की आधी गळती?

माझं मत स्पष्ट आहे. गळती न शोधता भरलेला गॅस म्हणजे हवेत सोडलेले पैसे, आणि हवेचंही नुकसान. एसीत वापरला जाणारा आर-४१०ए हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट तापमान वाढवतो, आर-३२ सुमारे ६७५ पट.

तरीही नुसता गॅस भरणं कधी चालतं? बसवल्यापासून पाच-सहा उन्हाळे नीट गेले, मग पहिल्यांदाच थोडा कमी झाला, साबणाच्या पाण्याने कुठेच बुडबुडा आला नाही आणि मशीन आर-३२चं आहे, तर तेवढ्यापुरतं ठीक. आर-३२ एकाच रसायनाचा असतो, म्हणून वरून भरला तरी प्रमाण बिघडत नाही. आर-४१०ए दोन गॅसचं निम्मं-निम्मं मिश्रण आहे. त्यातला बराच गेला असेल, तर उरलेला काढून घेऊन नव्याने वजनावर भरणं बरं. गेल्या वर्षी भरलेला गॅस यंदा पुन्हा कमी झाला असेल, तर मात्र नुसता भरून घेऊच नका.

गळती बहुतेक वेळा नटाच्या जोडावर असते. तिथली नळी कापून नवं तोंड करायचं, नट बदलायचा, कोरडा नायट्रोजन भरून दाब टिकतो का पाहायचं, मग नळ्यांतली हवा आणि ओल काढायला व्हॅक्युम पंप लावायचा आणि गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. किती ग्रॅम भरायचा ते युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग बदलतो, तसा गेजचा काटाही हलतो, म्हणून तिथे वजनाशिवाय पर्याय नाही. नायट्रोजनऐवजी वेल्डिंगचा ऑक्सिजन वापरणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तेल आणि ऑक्सिजन मिळून स्फोट होऊ शकतो.

व्हॅक्युमचा आग्रह आपल्याकडे जास्तच धरायला हवा. आर-३२, आर-४१०ए अशा नव्या गॅसबरोबरचं तेल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या हवेत पाण्याला तोटा नाही. काम पुढे ढकलता येत असेल तर कोरड्या दिवसांत करा.

कॉइल फुटली असेल तर

बाजूच्या वाकड्या नळीला एकच भोक असेल आणि कॉइल तांब्याची असेल, तर गॅस काढून घेऊन ब्रेझिंग, म्हणजे तापवून डागकाम, करता येतं. पत्र्यांच्या आत भोक असेल, किंवा एक बुजवल्यावर दुसरं निघालं, तर कॉइलच बदला. ॲल्युमिनियमच्या कॉइलचं डागकाम अवघड असतं, तिथे बदलणंच परवडतं. वॉरंटीचं कार्डही नीट वाचा. कॉम्प्रेसरला अनेक वर्षांची हमी असते, पण कॉइल आणि गॅस तिच्यात बहुधा येत नाहीत.

एसी जुना, आर-२२ गॅसचा असेल आणि कॉइल गळत असेल, तर मी त्यावर खर्च करणार नाही. ओझोन वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारानुसार भारतासारख्या देशांना २०३० पर्यंत हा गॅस जवळजवळ पूर्ण बंद करायचा आहे. "त्यात आर-३२ भरून देतो" असं कोणी म्हणाला तर ठाम नकार द्या. दाब वेगळा, तेल वेगळं, आणि आर-३२ थोडा ज्वलनशीलही आहे. नव्या आर-३२च्या एसीतही डागकाम करताना गॅस आधी काढलेला हवा आणि खिडक्या उघड्या हव्यात. आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन, त्याला कंपनीच्या माणसाशिवाय हात लावू देऊ नका.

काम कोणाकडूनही करून घ्या, पण बिलावर गॅसचं नाव, किती ग्रॅम भरला, कोणता जोड दुरुस्त केला आणि नायट्रोजनचा दाब किती वेळ टिकला, हे लिहून घ्या. पुढच्या वर्षी तक्रार आली तर दुसरा मेकॅनिकही तो कागद पाहून तपासणी कुठून सुरू करायची ते ठरवू शकेल.