सिंबल धुवावेत की पॉलिश करावेत?

ड्रमचे सिंबल, म्हणजे काठीने वाजवायच्या धातूच्या गोल थाळ्या, काळपट पडले की अनेकांची द्विधा होते. नुसते साबणाने धुवावेत, की पॉलिशने चकाकी परत आणावी?

मेहनतीत धुणं केव्हाही सोपं. कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण, मऊ फडकं. हात सिंबलवरच्या बारीक गोल चऱ्यांच्या दिशेने फिरवा आणि लगेच कोरडं पुसा. पॉलिश मात्र बराच वेळ घासावं लागतं, वर चऱ्यांत अडकलेला लेप काढत बसावं लागतं.

खरा फरक टिकाऊपणात आहे. साबण घाम, धूळ, बोटांचा तेलकटपणा काढतो आणि धातूला हात लावत नाही. पॉलिशमधले बारीक कण काळपट थरासोबत थोडं कांसंही खरवडतात, छापलेला लोगो पुसतात. नव्या सिंबलवर लॅकर, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर असेल तर तोही जातो, आणि मग डाग आणखी लवकर पडतात. तारेचा ब्रश किंवा पॉलिशचं यंत्र तर नकोच; घर्षणाच्या उष्णतेने धातूचा कस बिघडू शकतो.

आवाज? चऱ्यांतली घाण वरचे सूर दाबते, ती धुतल्यावर निघते. जुना तपकिरी थर मात्र आवाज किंचित मऊ करतो, आणि कित्येक वादकांना तोच हवा असतो. मलाही.

रोज वाजवणाऱ्याने धुवावं, वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसावं. रंगमंचावर झळाळी हवीच असेल आणि लॅकर नसेल, तर क्वचित, खास सिंबलसाठीचं पॉलिश वापरावं. जुन्या, आवाज मुरलेल्या सिंबलला पॉलिश लावूच नये.