रेणू जोडायचा संच: दहावीच्या समीकरणांसाठी घ्यावा का?

मी साताऱ्यात घरीच दहावीच्या शिकवण्या घेते. जूनमध्ये पुण्याला गेले होते तेव्हा अप्पा बळवंत चौकातून हा प्लॅस्टिकच्या गोळ्यांचा संच आणला, साडेतीनशे रुपयांना. काळे गोळे कार्बनचे, पांढरे हायड्रोजनचे, लाल ऑक्सिजनचे, निळे नायट्रोजनचे. जोडायला आखूड काड्या, दुहेरी बंधासाठी लांब वाकणाऱ्या.

रासायनिक समीकरणांच्या धड्यात दरवर्षी मुलं एकाच जागी अडकतात. हायड्रोजन अधिक ऑक्सिजन, झालं पाणी. डावीकडे ऑक्सिजनचे अणू दोन, उजवीकडे एक; दोन्हीकडे सारखे हवेत, यालाच संतुलन म्हणतात. मग पाण्याच्या सूत्रातच 'ओ'च्या पायाशी २ लिहून मोकळी होतात. ‘सूत्राला हात लावू नका, आकडा रेणूच्या पुढे लिहा’ हे सांगून सांगून माझा घसा बसतो. यंदा एका मुलीला म्हटलं, तुझं उत्तर जोडून दाखव. तिने दोन लाल गोळे एकमेकांना जोडले, दोन्ही बाजूंना एकेक पांढरा. शेजारी मी पाण्याचा रेणू ठेवला. दोन्ही उचलून तिने नीट पाहिले आणि म्हणाली, “बाई, हे पाणी नाहीच!” खरंच नाही. ते हायड्रोजन पेरॉक्साइड, जखमेवर घातलं की फसफसतं ते. मग एक लाल गोळा उरतोय म्हणून तिनेच हायड्रोजनचा आणखी एक रेणू मागून घेतला. दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन, दोन पाणी. या एका क्षणासाठी माझे पैसे वसूल झाले.

मिथेनचं ज्वलनही छान जमतं. एक काळा, चार पांढरे, चार लाल. सुटे करून पुन्हा जोडले की कार्बन डायऑक्साइड एक आणि पाणी दोन, गोळा एकही उरत नाही.

पण लाल गोळे सहाच दिलेत. प्रोपेन जाळायला दहा लागतात, तिथे काम अडतं. वाकणाऱ्या दोन काड्या महिन्याभरात छिद्रातच तुटल्या, टाचणीने उकरून काढल्या. धातूंचे गोळे नाहीत, त्यामुळे लोखंडाचा गंज (चार लोखंड, तीन ऑक्सिजन, दोन गंज) वहीतच सोडवावा लागतो. सोबतच्या माहितीपत्रकात संतुलनाचा उल्लेखसुद्धा नाही, तो असायलाच हवा होता.

पाचपैकी चार तारे. चार-पाच मुलांना शिकवत असाल तर एकदम दोन संच घ्या.